सतरा आकड्याखालची कल्हई

॥ श्री ॥

सुपा,
रविवार, ७ डिसेंबर २०२५, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

तीर्थरूप आदिनाथमामांस, भाचा कानिफनाथ याचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला बसण्याआधी मी खोलीच्या आढ्याला सुतळी बांधून ओळंबा सोडत होतो. तुमच्या मोटारसायकलची चेसी स्टुलावर उभी आहे. तिच्या गळ्यातून, म्हणजे हँडल बसतं त्या नळीतून, ओळंबा सरळ खाली जायला हवा होता. तो डाव्या कडेला टेकून थांबला. खोलीच तिरकी असेल म्हणून दाराची चौकट मोजली. चौकटही तिरकी निघाली, पण उलट्या बाजूला. तेव्हा घरमालकाला काही न बोलता चेसी पुन्हा मोजली. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या रेषेत अकरा मिलीमीटरचा फरक आहे. आमच्या कंपनीत अर्ध्या मिलीमीटरवर माल परत जातो.

इंजिन तुमच्याकडेच राहू द्यावं. मी चेसी, पुढचा फोर्क, मागचं चाक धरणारा चिमटा आणि शॉकअप एवढंच करतो. फोनवर माझा आवाज तुमच्या कानापर्यंत पोहोचत नाही, आणि यंत्राचं काम तोंडी होत नसतं हा तुमचा जुना नियम आहे, म्हणून दर टप्प्याला पत्र लिहीन.

एक आठवण करून देतो, राग मानू नये. गावचे जुने रेसर म्हणून तुमचा सत्कार होणार आहे, त्या दिवशी गाडी उभी राहिली तर फाट्यावरची पत्र्याची शेड मला गॅरेजसाठी द्यायचा शब्द तुम्ही दिला आहे. ठेकेदाराने कालच सांगितलं की कंपनीच्या यादीत माझं नाव फेब्रुवारीअखेरपर्यंतच आहे. त्यानंतर माझ्याकडे ती शेड आहे किंवा काहीच नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहे, तो ओळंब्यात ठेवावा.

आपला
कानिफनाथ

---

मु. पो. तेलवाडी, ता. शेवगाव
१४ डिसेंबर

चि. कानिफ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझं अक्षर बघून तुझी मामी म्हनली, हे पोरगं बारावीला दोनदा नापास झालंच कसं. मी म्हनलो, एकेक उत्तर तीनतीनदा तपासत बसला आसंल, तवर घंटा झाली आसंल.

ते अकरा मिलीमीटर कुनाचं हायेत ते मला ठाव हाय. ते रंगनाथचं हायेत. सत्त्याऐंशी साली नगरजवळच्या माळावर धुळीची शर्यत भरली हुती. शेवटच्या फेरीला मी पुढं हुतो. वळनावर रंगनाथनं डाव्या अंगानं धक्का मारला, चेसी वाकली, आन मी एका चाकानं दुसरा आलो. तवापासून त्या मानसाशी बोललो न्हाई. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली ती चहाच्या कपाखाली घातली. गाडी त्या दिवशी शेडीत लावली ती लावली, कुनाला हात लावू दिला न्हाई. त्याच आठवड्यात घरातला तांब्याचा हंडासुदिक चोरीला गेला. दिवसच फिरलं हुतं.

आता ऐक. २२ फेब्रुवारीच्या सत्काराला अंगदच्या तरुण मंडळानं रंगनाथलाच प्रमुख पाहुना केलाय. कारन मांडव आन खुर्च्या त्याच्या, आन त्या फुकट मिळत्यात. अंगदला वाटलं मी चिडंन. मी लगेच हो म्हनलो. चेसी सरळ कर, पन वाकली हुती तिथं खडूची खूण ठेव. त्या खुणंवर बोट ठेवून मी सगळ्या गावासमोर त्याला विचारनार हाय.

गळ्याखालच्या नळीवर पिवळ्या रंगात सतरा आकडा हाय. शर्यतीच्या आदल्या दिवशी पेंटरनं काढलेला. तो आधी जपून टिपून घे, मग घास.

माया हायच, घासताना ती निघू देऊ नको.

आदिनाथ

---

सुपा,
रविवार, २८ डिसेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, तीनदा वाचलं. सतरा आकडा बटर पेपरवर उतरवून घेतला आहे.

फोर्क उघडला. डाव्या पाइपात तेलाचा काळा गोळा झाला होता. उजव्यात तेल नव्हतंच, कुंभारमाशीचं मातीचं घर होतं. ते न मोडता काढून डबीत ठेवलं आहे, हवं असल्यास पाठवतो. पाइपांना गंजाचे खड्डे आहेत. ते लेथवर घासून पुन्हा क्रोम करावे लागतील. मागचा चिमटा सरळ आहे, फक्त बुश गेले आहेत.

एकच विचारायचं आहे. आमच्याकडे कुठलाही भाग तपासणी अहवालाशिवाय बाहेर जात नाही. मला तशीच सवय लागली आहे, म्हणून चेसीचाही अहवाल करतो आहे. त्यात ‘पूर्वीची दुरुस्ती’ असा रकाना आहे. शर्यतीच्या आधी चेसीच्या गळ्याला कुणी डाग देऊन सांधलं होतं का, किंवा आणखी काही काम केलं होतं का? रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून विचारलं.

लोभाला तेलपाणी असावं.

आपला
कानिफनाथ

---

तेलवाडी, ३ जानेवारी २०२६

चि. कानिफ, आशीर्वाद.

न्हाई. रंगनाथशिवाय तिथं कुनाचा हात लागलेला न्हाई. रकान्यात तेच लिही. कुंभारमाशीचं घर पाठवू नको.

आदिनाथ

---

सुपा,
रविवार, ११ जानेवारी, सकाळी आठ वाजता

ती. सौ. पुष्पावतीमामींस, कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मामांच्या नावावर टाकायला हवं होतं. पण भांड्यांचं तुम्हालाच विचारावं असं वाटलं.

गेल्या महिन्यात चेसी सरळ करायला गळ्याखालची नळी गॅसवर तापवत होतो. नळी लाल व्हायला अजून पुष्कळ वेळ होता, तेवढ्यात तिच्यातून पांढरा चकचकीत थेंब ओघळला आणि माझ्या चपलेवर पडला. मग दुसरा पडला. गॅस बंद करून पाहिलं तर नळीला बोटभर भेग होती आणि ती भेग कल्हईने बुजवलेली होती. पितळी पातेल्यांना आतून लावतात तीच कल्हई. सगळी काढून वजन केलं, एकशे दहा ग्रॅम भरली.

आता काळजीची गोष्ट. ही कल्हई सतरा आकड्याच्या रंगाखाली होती. मामा सांगतात की आकडा शर्यतीच्या आदल्या दिवशी काढला. म्हणजे भेग शर्यतीच्या आधीची आहे. कल्हई भेगेला धरून ठेवत नाही, फक्त झाकते. पहिल्या मोठ्या खड्ड्याला ती सुटली असणार, चाक रेषेबाहेर गेलं असणार, आणि वळणावर गाडी आपोआप डावीकडे ओढली असणार. डावीकडे रंगनाथराव होते. त्यांनी धक्का द्यायची गरजच नव्हती.

आणि मामा त्यांना भर सभेत जाब विचारणार आहेत. मला भलतीच शंका येते आहे की मामांनीच पैसे वाचवायला कल्हईवाल्याकडून काम करून घेतलं आणि आता विसरले. तुम्हाला काही आठवतं का? मी आतापर्यंत कुणाला काही बोललो नाही. चप्पल टाकून दिली.

तुमची माया आहे तेवढी राहू द्यावी.

कानिफनाथ

---

तेलवाडी, १८ जानेवारी

चि. कानिफनाथ यास पुष्पावतीमामीचे आशीर्वाद.

फोन केला असता, पण ह्यांना ऐकू येत नसलं तरी गावाला येतं.

मामांवर संशय घेऊ नकोस. ते मी केलं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. दुपारी हे झोपले की मी गाडी ढकलत पाटाच्या रस्त्यापर्यंत न्यायची आणि तिथे किक मारायची. दळण न्यायचं होतं, निरोप द्यायचा होता, असं काही सांगता आलं असतं. पण काम काहीच नव्हतं. पातळ नीट खोचलं की बसता येतं. तिसऱ्या गिअरला पाटाचं पाणी मागे वाहायला लागल्यासारखं दिसायचं, ते बघायला जायची. महिनाभर गेले. एक दिवस समोर म्हैस आली आणि मी तिला वाचवायला म्हशींच्या पाणी प्यायच्या दगडी डोणीवर गाडी घातली. म्हैस उभी राहून बघत होती.

हे तेव्हा तीन दिवस साखर कारखान्यावर ड्युटीला होते. गावात कल्हईवाला बसला होता. तो म्हणाला, असलं काम मी कधी केलं नाही, पण भांडं आहे असं समजून बघतो. चेसी आंब्याला दोराने बांधून आम्ही दोघांनी ओढून सरळ केली. मग त्याने भेगेत कल्हई ओतली आणि वरून काजळी फासली. पैसे नव्हते म्हणून मी तांब्याचा हंडा दिला. चोर आला होता असं घरी सांगितलं. पुढे पेंटरने रंग दिला आणि सगळं झाकलं.

हे दुसरे आले त्या दिवशी मी सांगणार होते. पण घरात पाऊल टाकायच्या आधीच रंगनाथभावजींचं नाव ह्यांच्या तोंडात बसलं होतं. मला वाटलं चार दिवसांनी सांगू. चार दिवसांनी ते नाव आणखी पक्कं झालं. भावजी दर संक्रांतीला तिळगूळ पाठवतात आणि हे तो परत पाठवतात. परवाही परत गेला. एकोणचाळीस वर्षं तो परत जातोय माझ्यामुळे.

तरी तू बोलू नकोस. तुझी शेड जाईल आणि ह्या वयात माझं हसं होईल. ह्यांना हरायला एक माणूस लागतो, तो मी काढून घेऊ का? तूच सांग. नको, सांगू नकोस.

कल्हई मात्र टाकू नको. माझ्या दोन पातेल्यांना हवी आहे.

तुझी मामी

---

सुपा,
रविवार, १५ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा वाजता

ती. सौ. मामींस, शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी इंजिन बसवायला आलो तेव्हा मामा सारखे शेजारी उभे होते, म्हणून बोलता आलं नाही. गाडी आता सरळ आहे. भेगेला गॅसने पितळेचं वेल्डिंग केलं आणि चारदा मोजलं. फरक अर्ध्या मिलीमीटरच्या आत आला. सतरा आकडा होता तिथेच काढला. खडूची खूण मामांनी स्वतः केली.

अंगदचा फोन आला होता. त्याच्या फ्लेक्सवर मामांचा चेहरा कुठल्यातरी परदेशी रेसरच्या अंगावर बसवला आहे आणि खाली चौतीस शुभेच्छुकांचे फोटो आहेत. फ्लेक्सवर गाडी नाही, जागा उरली नाही म्हणे. त्याने विचारलं की तीन मान्यवर गाडीवर एकदम बसले तर चालेल का. मी मागच्या शॉकअपचा भार काढून तक्ता पाठवला. त्याप्रमाणे एक सडपातळ मान्यवर आणि अर्धा हार चालतो. नारळ हँडलच्या गळ्यावर फोडू नये, चाकाखाली ठेवावा, हेही लिहिलं. त्याने अंगठा पाठवला.

आता खरं सांगतो. तपासणी अहवाल मी सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आहे. तुमचं नाव त्यात कुठेही नाही. पण कल्हई लिहिली आहे आणि ती रंगाखाली होती हेही लिहिलं आहे. तो रकाना भरायला मला आठवडा लागला. खोटा अहवाल लिहिणारा एकच मुलगा आमच्या कंपनीत होता. तो आता सुपरवायझर आहे, पण मला ते जमत नाही. मामा सभेत बोलण्याआधी त्यांना अहवाल वाचायला द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. शेड जायची असेल तर जाईल. रंगनाथरावांचा तिळगूळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बावीस तारखेला मला यायला मिळणार नाही. ठेकेदाराने शेवटच्या आठवड्याची सुट्टी कापली आहे.

लोभ कमी झाला असेल तर कळवावे, म्हणजे तशी नोंद करतो.

कानिफनाथ

---

तेलवाडी, २३ फेब्रुवारी

चि. कानिफनाथ यास आशीर्वाद.

नोंद करू नकोस. काल काय झालं ते सांगते, सावकाश वाच.

तुझा अहवाल मी सकाळी ह्यांना देणार होते. पण सकाळी हे भाषण पाठ करत होते आणि इतके खुशीत होते की माझा हात पुढे झाला नाही. मी पिशवी सीटखाली परत ठेवली. इथे मी चुकले.

सभा भरली. शेवगावहून मानपत्र छापून आलं ते दुसऱ्याच कुणाच्या निवृत्तीचं निघालं. अंगदला घाम फुटला. गाडी पुसायला फडकं शोधताना त्याला सीटखाली तुझी पिशवी सापडली. इतकं सुबक अक्षर पाहून त्याला वाटलं, भाच्याने मानपत्र लिहून ठेवलंय. त्याने माईकवर मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. पुढचा शॉकअप, डावा, हालचाल समाधानकारक, असं वाचल्यावर टाळ्या पडल्या. कुंभारमाशीचं घर, नग एक, ह्यालाही पडल्या. ह्यांना ऐकू येत नव्हतं. प्रत्येक टाळीला हे उठून हात जोडत होते.

मग तो कल्हईवर आला. एकशे दहा ग्रॅम, सतरा आकड्याच्या रंगाखाली, सबब दुरुस्ती शर्यतीपूर्वीची. टाळ्या पडल्या नाहीत. रंगनाथभावजी खुर्चीतून उठले आणि अंगदला म्हणाले की तेवढंच पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. ह्यांनी मला स्टेजवरूनच विचारलं की हा माणूस उभा का राहिला.

कानिफ, भावजींचा चेहरा बघून मला राहवलं नाही. मी स्टेजवर गेले आणि ह्यांच्या कानात सांगितलं की गाडी मी डोणीवर घातली होती, हंडाही मीच दिला. ह्यांच्या कानात सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि माईक चालूच होता.

ह्यांनी स्टेजवर उभ्या गाडीच्या खडूच्या खुणेवर बोट ठेवलं. मग मला विचारलं की कितव्या गिअरला होतीस. मी म्हटलं, तिसऱ्या. हे म्हणाले की तिथं दुसरा पाहिजे.

मला वाटलं आता बसतील. ह्यांनी माईक घेतला. पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि गावाला सांगितलं की आजवर मी समजत होतो मी चांगल्या गाडीवर दुसरा आलो. आज कळलं की मी पातेल्यावर बसून दुसरा आलो. असा रेसर पंचक्रोशीत कुणी दाखवा. जेवढ्या टाळ्या कधी ऐकल्या नाहीत तेवढ्या पडल्या. ह्या मात्र ह्यांना ऐकू आल्या.

भावजी खालून ओरडून म्हणाले, मग माझ्या पहिल्या नंबराची किंमत काय राहिली. हे एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. म्हणाले, रंगनाथ, तू जिंकलास, कुणी नाही म्हणत नाही. पण भांड्याशी जिंकलास.

भावजी निघून गेले. त्यांची माणसं खुर्च्या उचलायला लागली. समारोप गावाने जमिनीवर बसून ऐकला.

शेवटी गाडी चालू करायची होती. ह्यांच्या गुडघ्याने किक बसेना, अंगदने सात मारल्या. मग मी पातळ खोचलं. दुसऱ्या किकला लागली.

माया वाढली आहे.

तुझी मामी

---

तेलवाडी, २५ फेब्रुवारी

चि. कानिफ यास अनेक आशीर्वाद.

तू आला न्हाईस, लई चुकलास. सभा अशी झाली की आसपासच्या चार गावांत चर्चा हाय. चेसीचं काम झक्क. हात सोडून चालवली, गाडी रेषा सोडीत न्हाई. म्हंजी तुझ्या मामीनं चालवली, मी मागं बसलो हुतो.

शेडीची चावी मामीपाशी हाय. पाटीवर काय लिहायचं त्यावर आमचं पटंना. मी म्हनतो माझं नाव पायजे, ती म्हनती ज्यानं रकाना भरला त्याचं. तूच ठरव, पन मला इचारून.

रंगनाथचं सांगतो. त्यानं धक्का दिला न्हाई. गाडी फाकली आन मीच त्याला जाऊन लागलो आसनार. हे स्टेजवर बोलायचं राहून गेलं, टाळ्याच लई हुत्या. म्हनून संक्रांत उलटली तरी काल तिळगूळ घिऊन त्याच्या घरी गेलो. त्यानं घेतला न्हाई. सुनंकरवी सांगितलं, भांड्याशी जिंकलेला मानूस घरात न्हाई. मी परवा परत जानार हाय. त्यानं एवढी वर्षं पाठवला, मलाबी पाठवाया जमंल.

हंड्याचं मी तुझ्या मामीला सोडनार न्हाई. आन ती कल्हई माझ्याकडं पाठव. काचेत लावायची हाय.

मामा

---

सुपा,
रविवार, १ मार्च २०२६, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटे

ती. मामा आणि ती. सौ. मामी यांस, कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

बांधलेल्या ट्रंकेवर बसून लिहितो आहे. काल कंपनीतला शेवटचा दिवस झाला. सुपरवायझरने जाताना माझा शेवटचा अहवाल परत दिला, रकाने जास्त आहेत म्हणाला. बुधवारी दुपारच्या एसटीने येतो. पाटीवर सध्या नुसतं ‘चेसी सरळ करून मिळेल’ एवढंच लिहावं, नाव कुणाचंच नको, म्हणजे भांडण आहे तिथेच राहील. कुलपाला तेल घालून ठेवावं.

आल्यावर पुढचा ब्रेक तपासेन. मामींनी तिसरा गिअर टाकण्याआधी मी पोहोचलेला बरा.

लोभ मोजून पाहिला, पुरेसा आहे. खाली हिशेब देतो.

आपला
कानिफनाथ

फोर्क पाइप लेथ व क्रोम: ३,८००
सील, बुश, हँडलचा कोनसेट: १,४६०
मागचे शॉकअप: २,२००
चिमट्याचे बुश व पिन: ६५०
गॅस वेल्डिंग: २,५००
रंग: १,९००
टेम्पो: २,६००
एकूण खर्च रुपये १५,११०. मामांकडून आले १२,०००. येणे ३,११०, शेडच्या भाड्यात वळते करावे.

चप्पल एक जोड: धरलेली नाही.
कल्हई ११० ग्रॅम: दोघांनी मागितली. पंचावन्न ग्रॅमच्या दोन पुड्या केल्या आहेत.
मामींकडून मामांना देणे: तांब्याचा हंडा, नग एक.
मामांकडून रंगनाथरावांना देणे: एकोणचाळीस संक्रांतींचा तिळगूळ. घेत नाहीत, सबब बाकी पुढे ओढली.